करडी फाइल

"सगळं साफ केलंस ना?" टीम लीडरने फोनवर विचारलं.

"एकदम साफ," प्रोग्रॅमर म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर स्क्रीनवर, कोड लिहायच्या एडिटरच्या डाव्या पट्टीतल्या फाइलींच्या यादीकडे गेली. तिथे 'खासगी' नावाचा फोल्डर असायचा. तो नव्हता.

त्या फोल्डरात त्याचे वडील होते. म्हणजे त्यांच्या आठवणी, चांगली अकरा प्रकरणं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "विसरणं वाढत जाणार. जे विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या." म्हणून चार महिने रोज सकाळी बाबा सांगायचे आणि हा टाइप करायचा. टाइप करायचा तो ऑफिसच्याच एडिटरमध्ये, कारण तिथे व्हर्जन कंट्रोल होतं, नोंदवलेल्या फाइलची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारं. फाइलची अवस्था तिच्या नावाच्या रंगावरून कळायची. नवी हिरवी, बदललेली पिवळी. बाबांची फाइल मात्र कायम करडी. हा समजला, करडी म्हणजे सुखरूप. डोंबल सुखरूप! करडी म्हणजे 'हिच्याकडे लक्ष देऊ नका'. कोणाचं खासगी सामान ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊ नये म्हणून तसा नियमच होता, आणि चार वर्षांपूर्वी तो केला होता याच महाशयांनी. नोंद नसलेलं सगळं उडवायची कमांड आज त्याने दिली आणि एका सेकंदात बाबा गेले.

दुसरी प्रत? छे! "व्हर्जन कंट्रोल असताना प्रती काढत बसतो तो अडाणी," असं तो नव्या लोकांना ऐकवायचा.

तेवढ्यात ताईचा फोन. "छापखानेवाला मागे लागलाय. फाइल कधी देतोस?"

"देतो गं."

"आणि सातवं प्रकरण जरा मोठ्या अक्षरात घ्यायला सांग. तुझ्या जन्माचं. लाडोबा कुठला!"

सातवं प्रकरण! बाबांनी जन्मभर धरणावर पाण्याची पातळी नोंदवली. एकतीस वर्षांत फक्त एका दिवसाची नोंद कोरी राहिली, कारण ते सगळं टाकून मुलाला बघायला धावले होते. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून. टाइप करताना याला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

लॅपटॉप घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. मला माफ करा."

बाबांनी चष्मा वर केला. "असू द्या. बसा. पुन्हा घ्या लिहून."

रागावले की बाबा अहो-जाहो करायचे. म्हणजे रागावलेत, पण सांगताहेत तरी. याचा जीव भांड्यात पडला. त्याने नवी फाइल उघडली, ती 'खासगी'त नाही ना हे तीनदा पाहिलं आणि थेट सातव्या प्रकरणालाच हात घातला. "धरणाचं सांगा ना."

"लिहा. एकतीस वर्षं मी पातळी नोंदवली. एकही दिवस चुकला नाही."

"एक दिवस राहिला होता ना, बाबा?"

"का राहील? काय झालं होतं त्या दिवशी?"

"मुलगा झाला होता."

"अरे वा! कोणाला?"

"तुम्हाला," तो कसाबसा म्हणाला.

बाबा हसले. "मला एकच मुलगी हो. गुणी आहे. तुमच्याआधी एकजण यायचा टाइप करायला. चांगला होता बिचारा. एकदा तर टाइप करता करता रडला. कुठे गेला कोण जाणे."

"येईल परत," प्रोग्रॅमर म्हणाला.

"आला तर त्याला सांगा, मी विचारत होतो. हं, काय लिहिलंत? वाचा."

त्याने वाचलं, "एकही दिवस चुकला नाही."

"बरोबर," बाबा समाधानाने म्हणाले.

पट्टीत फाइलचं नाव हिरवंगार दिसत होतं. त्याने ती नोंदवली. मग तिच्या दोन प्रतीही काढून ठेवल्या.