सुमनचा मसाला

सुमन आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मिरच्यांचे देठ मोडायचं. देठ मोडून झाले तशी ती म्हणाली, "आता बाहेर जा." मी गेलो. मसाला भाजताना ती मला, नवऱ्यालाही, आत ठेवत नसे.

"आखं जग चोर शे," हे तिचं ठरलेलं बोलणं. धने एका दुकानातून, दगडफूल दुसऱ्यातून. वाण्याला पत्ता लागू नये म्हणून वर नको असलेली बडीशेप घ्यायची. ती मग आम्ही घरात चघळत बसायचो. समोरची बाई वाटी मागायला आली तरी खिडकी लावून घ्यायची. "वाटी लेवाले नही, ती वास लेवाले येस."

पण डोकं होतं बाईला. सुरतेत आमच्या गोडादऱ्यात मसाला विकणाऱ्या पुष्कळ. एका भाजीपुरती पुडी हिनेच काढली. कापडाच्या लूमवरचे गडी खोली करून राहतात, हाताने रांधतात, त्यांना किलोभर मसाला काय करायचा? माझ्या लूमच्या पगाराने आम्ही जगलो. घर उभं राहिलं ते पुड्यांवर. खोटं कशाला बोलू.

सून ज्योती सुरतेतच वाढलेली, हुशार. म्हणाली, "जिजी, मला शिकवा ना. तुमच्यामागे धंदा बंद पडेल."

"पडू दे. तू माहेरले सांगशी."

मग गेल्या थंडीत दुपारच्या दोघी आत जायला लागल्या. कडी लावून. ज्योती डोळे पुसत बाहेर यायची. मला वाटलं, ही पोरीला छळते, घराबाहेर काढायचा बेत दिसतो. विचारलं तर सुमन म्हणाली, "तुले काय करनं शे?"

सुमन गेली. तेराव्याला मी चार माणसांत बोललो, "धंदा संपला. सुनेवर भरवसा नव्हता तिचा. सगळं सोबत घेऊन गेली."

पाहुणे पांगल्यावर ज्योती जवळ येऊन बसली. "नाना, मला येतो मसाला. जिजींनीच शिकवला. धूर डोळ्यांत जायचा माझ्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"गुडघ्याचं सांगून आम्ही दवाखान्यात जायचो ना, तेव्हाच डॉक्टर बोलले होते, फार दिवस नाहीत. जिजी म्हणाल्या, मी तुला शिकवते हे त्याला कळलं तर मी चालले हे तो ओळखेल. जेवण सोडेल म्हातारा."



दुसऱ्या दिवशी सकाळी बमरोलीला, लूमवाल्या गड्यांच्या वस्तीत गेलो. खोल्याखोल्यांतून सांगत फिरलो, मसाला मिळेल म्हणून. एकाने विचारलं, "काकी तर गेल्या. आता कोणाच्या हातचा?"

म्हटलं, "आमच्या घरचा."