तोताराम नानांची मलई रंगाची गाडी

आमच्या असोद्यात तेव्हा एकच मोटार होती, आणि तिच्यात बसायचं तर आधी पाय धुवावे लागत. चेष्टा नाही! गाडीच्या दाराशी पाण्याची घागर, तांब्या आणि पुसायला पंचा. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चपला खालीच ठेवायच्या आणि मग आत बूड टेकवायचं. मालक स्वतः उभे राहून तळवे तपासत. मालक म्हणजे माझे शेजारी, तोताराम नाना.

एकदा जळगावचे एक साहेब गावात आले आणि त्यांची जीप बंद पडली. नाना आपणहून त्यांना सोडायला निघाले. साहेबांनी बूट काढले, पाय धुतले, रस्ताभर ऐटीत बसून गेले. कचेरीच्या दारात उतरतात तो काय, बूट असोद्यात! चैत्रातलं जळगावचं ऊन, आणि साहेब अनवाणी उड्या मारत पायऱ्या चढताहेत. मी नानांना म्हटलं, "अहो, जरा तरी लाज वाटायची!" तर म्हणाले, "बूट उद्या पोचतीन, मास्तर. डाग पडला तर तो जात नही."

मी मूळचा धुळ्याचा. असोद्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि नानांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. डोकं माझं तापट, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. तरी त्या माणसाची दोन वर्षं बोलणी खाल्ली, आणि आज ते सांगताना छाती फुगते, याला काय म्हणावं?

गाडी घेण्यामागे एक जुनी बोच होती. नानांचं लग्न झालं तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची बायको, वरणगावहून बैलगाडीतून सासरी आली. वाटेत गाडीचा आस मोडला आणि नव्या नवरीला शेवटचे दोन कोस पायी चालावं लागलं. अक्काचा थोरला भाऊ सोबत होता. त्यानं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "पाहुन्यांच्या गाडीत मानसं बसत नहीत, मांगे चालतात!" ते वाक्य नानांच्या काळजात रुतून बसलं. कधीतरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्काला मोटारीतून वरणगावच्या दारात उतरवीन, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. मग ती लेक पन्नाशीची असली तरी जाते.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी केळी आणि कापूस दोन्ही पावले, तेव्हा नानांनी धुळ्याच्या एका शेठची जुनी विलायती गाडी घेतली. आतून ती कधीकाळी मलई रंगाची होती. बैठका, दारांचं अस्तर, छताचं कापड, सगळं मलई. पण शेठच्या घराण्यानं तिच्यात पान खाल्लं, विड्या ओढल्या आणि तेलकट डोकी टेकवली. रंग झाला होता चहाच्या फडक्यासारखा. आखाजीच्या सकाळी अक्कानं आत डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अवो बाई, एवढी कळकट! वरनगावचे लोक हासतीन ना."

ती एसटीनं गेली.

नाना मोटारींच्या बैठका शिवणाऱ्या जळगावच्या एका कारागिराकडे गेले. तो म्हणाला, हे साफ होणारं काम नाही, नवं कापड टाका. नाना तिथूनच उलटे फिरले. "का म्हनून? मले हात नहीत काय?"

आणि तिथून माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. शाळा सुटली की नाना हाक मारत, "मास्तर, या जरा." हा 'जरा' दिवेलागणीपर्यंत चाले. पहिला आठवडा नुसतं झाडणं. बैठकांच्या फटींतून सुपाऱ्या निघाल्या, केसांचे आकडे निघाले, कुणाचा तरी दुधाचा दात निघाला. मग तेलाच्या डागांवर शाडूची माती पसरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं झटकायची. मग रिठे. रिठे उकळायचे, गाळायचे, पाणी घुसळून फेस काढायचा आणि कापडाला फक्त फेस लावायचा. "पानी कमी, फेस जास्ती! कापड भिजलं का आतला काथ्या कुजते." फेस लावला की ओल्या फडक्यानं टिपायचं, दारं उघडी टाकून सावलीत वाळवायचं. हातभर जागा झाली की दिवस संपला.

एका पानाच्या डागाला मी रागारागानं जोर लावला आणि तिथं कापडाची लव निघाली. नाना चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, "घासू नका, टिपा." त्यानंतर दिवसातून पंचवीस वेळा तेच. वर्गात एक मुलगा पाटी खसाखसा पुसत होता, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "घासू नको, टीप!" सगळा वर्ग हसला.

छत तर नानांनी उताणं झोपून केलं. फेस डोळ्यांत पडायचा. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की काय होतं ते ज्याच्या गेलं त्यानंच सांगावं! दोन महिने डोळे लालभडक. गावात बोभाटा झाला की नाना गाडीत बसून रडतात.

एका डागापुढे मात्र नानांनी आधीच हात टेकले होते, तो केळीचा चीक. पडताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो, आणि कापड फाटलं तरी जात नाही. मळ्यात राबणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर हे डाग असायचेच. म्हणून नानांनी फर्मान काढलं, गाडीच्या दहा हातांत केळी आणायची नाहीत. असोद्यात! जिथं घरटी केळीचा मळा, तिथं!

वर्ष गेलं आणि गाडी झाली. काय सांगू, दार उघडलं की खरवसाची वडी! जळगावचा तो कारागीर मुद्दाम बघायला आला, बोट लावायला गेला आणि पाय धुवून आला. मी ज्याला त्याला सांगत सुटलो की यातलं डाव्या दाराचं अस्तर माझं.

दुसरी आखाजी आली. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. पाय तर तिनं तीनदा धुतले. दाराशी एक पाय उचलला, आत पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं. चिरा पडलेली बोटं, नखांच्या कडांना मुरलेला काळपट चीक. तिनं पाय खाली घेतला.

"मी एसटीनं जाते."

"आता काय झालं?" नाना ओरडले.

"तुमची गाडी देव्हारा झाली. देव्हाऱ्यात कोनी बसते का? माह्या अंगाले जल्माचा चीक लागेल हाये. कुठी डाग पडला तर तुमचं वर्स वाया जाईन."

नानांनी समजावलं, रागावले, पंचा अंथरतो म्हणाले. अक्का पिशवी उचलून चालू लागली. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईसाठी सगळा खटाटोप केला, तीच पुन्हा पायी निघाली होती. त्या वर्षी नानांनी गाडी पुसली, पण मला एकदाही 'जरा या' म्हटलं नाही.

तिसऱ्या आखाजीला त्यांनी मला सकाळीच बोलावलं. "मास्तर, वरनगावले चाला. पुढं बसा." अक्का दारात पिशवी घेऊन उभी होती, एसटीच्या वेळेकडे लक्ष ठेवून. नाना परसातल्या केळीकडे गेले आणि विळ्यानं एक पान देठासकट कापून घेऊन आले. देठातून चीक गळत होता. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि देठ बैठकीवर धरला. थेंब, थेंब, थेंब.

"अहो नाना!" मी किंचाळलो, ओलं फडकं घेऊन धावलो. वाळायच्या आत टिपलं तर काहीतरी जमलं असतं. नानांनी माझं मनगट पकडलं.

"टिपू नका, मास्तर. राहू द्या."

मग अक्काकडे वळून म्हणाले, "घे. डाग पडला. म्याच पाडला. आता तुले कसाचा भेव? बस."

"येडे झाले काय तुम्ही? डोळे फोडून घेतले या गाडीपायी!" असं म्हणून अक्कानं त्यांना भरपूर झापलं. झापता झापताच ती पाय न धुता आत चढली आणि नेमकी त्या डागावर बसली. लुगड्याचा घोळ दोन्हीकडे नीट पसरला. घागर तशीच भरलेली राहिली.

वरणगावात गाडी थांबली आणि वाडीतले सगळे भोवती जमले. तोच थोरला भाऊ पुढे आला, आता पिकलेल्या मिशांचा. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि तोंडात बोट घातलं. "कोनाकडून करून आनली? मुंबईहून?"

"ह्यांनी केली. आपल्या हातानं," अक्का म्हणाली. बहिणीच्या शेजारी बसून बघावं म्हणून भावानं चपलेसकट पाय उचलला. अक्का डागावरून तसूभरही हलली नाही.

"दादा, आधी पाय धू."

नाना सुकाणूचं चाक धरून समोरच बघत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्या दिवशी रिठ्याचा फेस कुठेच नव्हता.