मोरोक्को, मिसर आणि शांतम्माची विभूती

मोरोक्को भारी की मिसर, याचा निकाल मी माझ्या शेतात लावणार होतो! येरमाळ्यात पन्नाशीला अक्षरं शिकलेला माणूस मी एकटाच. बार्शीहून आलेलं शिळं वर्तमानपत्र मी देवळापुढं मोठ्यानं वाचायचो. त्यात एकदा आलं, की मोरोक्को आणि मिसर म्हणजे इजिप्त, या दोन देशांत वाळूखाली फॉस्फेटचा दगड आहे आणि त्याच्या पिठाचं खत घातलं की पीक माजतं.

"मोरोक्कोचा दगड भारी!" मी जाहीर केलं. न अडखळता वाचलेलं ते माझं पहिलं अवघड नाव होतं!

"मिसरचा!" बांधाशेजारचा हिंमतराव ओरडला. का? तर त्याचा मेव्हणा पलटणीबरोबर मिसरला गेला होता!

शर्त लागली. ज्वारीचे दोन पट्टे, एकाला हे पीठ, एकाला ते; पोळ्यापर्यंत ज्याचं पीक उंच, तो जिंकला. मी हरलो, तर पोळ्याला वेशीतून पहिले बैल हिंमतरावाचे. तीन पिढ्यांचा आमचा मान!

"आन् पेरलंच न्हाय तर?" त्यानं विचारलं.

"तर हरलो समजा!" मी छाती ठोकली.

बार्शीच्या व्यापाऱ्यानं दोन पुड्या दिल्या. एकीवर 'मोरोक्को', एकीवर 'मिसर'. मी दोनदा वाचून खात्री केली! निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावरच्या जमादारानं पुड्या हुंगल्या आणि तो वेशीपर्यंत ऐकू जाईल असा शिंकला. घरी उंदरांच्या भीतीनं मी पुड्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या आणि पेरणीची तिफण मागायला गेलो.

परत येतो तर माझी बायको शांतम्मा खूश!

"अवो, लई झ्याक विभूती आणली! मळून गोळे केले, समद्या गल्लीला वाटले."

"अगं, तो मोरोक्को होता! आणि दुसरा मिसर!"

"आसंल. दोन्ही एकच दिसत व्हतं, म्हणून एकत्रच मळलं."

मी गल्लीत धावलो. म्हाताऱ्या वीरप्पांच्या कपाळावर दोन्ही देश तीन आडव्या बोटांनी पसरले होते!

"काका, कपाळ जरा खरवडू द्या!"

"विभूती पुसतूस? लिंगायताच्या घरचा का कुणाच्या?" वीरप्पा वहाण घेऊन माझ्यामागं!

पारावरून हिंमतराव खिंकाळला, "सिद्रामप्पा, कपाळावर ज्वारी कवा उगवतीया?"

मी तडक बार्शी गाठली. "मोरोक्कोची आणखी पुडी द्या!"

"मोरोक्कोची कुठली हो? लढाई चाललीय, जहाज कुठलं यायला! दोन्हींत मिसरचाच जुना, शिल्लक माल होता. एवढ्या लांबून आलात, नाराज कसं करायचं? म्हणून एकीवर मोरोक्को लिहिलं. वाचून केवढे खूश झालात तुम्ही!"

असा संताप आला म्हणता! ही लबाडी गावात सांगितली असती तर शर्तच मोडली असती, मान वाचला असता. पण मग सांगावं लागलं असतं, की सिद्रामप्पा पुडीवरचं नाव वाचून फसला. त्यापेक्षा मी पारावर जाऊन सांगून टाकलं, पेरणी झालीच नाही, मी हरलो.

पोळ्याला हिंमतरावाचे बैल वेशीतून पहिले गेले. मी मागं, कासरा धरून, दात ओठ खात.

"अवो," शांतम्मा हळूच म्हणाली, "म्या तवाच म्हणलं न्हवतं का, दोन्ही एकच हाय म्हणून?"

तिला अजून एक अक्षर वाचता येत नाही!