कुठलीही चालेल

"आता पथ्य नको. मागतील ते द्या," असं म्हणून डॉक्टर जिना उतरले. ह्याचा अर्थ काय, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. सासूबाईंनी डोळे पुसले, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो, काय हवंय तुम्हाला?"

"घोटभर वाईन."

"कुठली?"

"कुठलीही चालेल."

इथूनच सगळं बिनसलं.

चाळीस वर्षं ते चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होते. भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" दिवसाला तीस जणांना. घरी मात्र ताटात पडेल ते खायचं, हाताला लागेल तो शर्ट घालायचा आणि कुणी विचारलंच तर "छान आहे" म्हणायचं. वाईन प्यायचे वर्षातून एकदा, दुकानाच्या मेजवानीत. मग बायकोला वास येऊ नये म्हणून तासभर जिन्यात बसायचे. बायकोला ते ठाऊक होतं. ती तो तासभर दाराच्या आत उभी राहायची आणि दार उघडायची नाही. आता तेच तिला खात होतं.

"एक घोट द्यायचा तर त्यांच्या आवडीचा," ती सुनेला म्हणाली. "उगाच काहीतरी आणू नकोस."

सून बाळाला कडेवर घेऊन वाईनच्या दुकानात शिरली. दुकानदाराने आधी बाळाकडे पाहिलं.

"ह्याला नकोय," सून म्हणाली. "सासऱ्यांना हवीय. त्यांच्या आवडीची."

"सोपं आहे. माणसाचं खाणंपिणं कळलं की त्याची वाईन कळते. चहा कसा घेतात?"

"बिनसाखरेचा."

"म्हणजे तुरट चालेल." त्याने एक गडद लाल बाटली काढली. सुनेने खात्री करायला घरी फोन लावला.

"बिनसाखरेचा आवडतो कुठला? डॉक्टरांनी साखर तोडली म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "आधी तीन चमचे घ्यायचे."

"मग गोड," म्हणत दुकानदाराने दुसरी बाटली काढली.

"पण तेही मीच घालायचे गं. त्यांनी मागितल्याचं आठवत नाही."

फोन सुनेच्या नवऱ्याच्या हातात गेला. "बाबांना आंबट संत्री आवडतात. गोड त्यांनी कधी खाल्लीच नाहीत." तो थांबला. "गोड आम्ही खायचो," तो हळूच म्हणाला.

दुकानदाराने तिसरी बाटली काढली. "बरं, कधी तोंड वाकडं केलंय? कशालाही?"

"एकदा सुपात मिठाऐवजी साखर पडली होती," सून म्हणाली. " दोन वाट्या प्यायले."

दुकानदाराने डोक्याला हात लावला. "ताई, तिन्ही न्या. तुरट, गोड, आंबट. एक तरी लागेल. नाही आवडली ती महिनाभरात आणा, बदलून देतो."

"महिना नको," सून म्हणाली. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पिशवी उचलली.

घरी उशाशी तीन ग्लास मांडले. मुलाने चमच्याने एकेक घोट पाजला. "बाबा, हे बरं की ते बरं?"

"छान आहे."

"आणि हे?"

"हेही छान."

सासूबाईंनी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. "अहो, चाळीस वर्षं मी अंदाजाने स्वयंपाक केला. जाता जाता तरी एकदा नावं ठेवा कशाला तरी."

"जाता जाता" हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले गेले. ते बायकोकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे आंबट," ते म्हणाले, "भिकार आहे."

"काय म्हणालात?"

"भिकार."

ती पलंगाच्या कडेवर बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. "आणखी?"

"तुझं सूप. पाणचट असतं."

"आणखी?"

"हे हिरवे पडदे. बावीस वर्षं डोळ्यांत खुपतायत. ह्याची मिशी. आणि सूनबाई गाते ना, त्याने बाळ झोपतं. मी जागा होतो."

त्या संध्याकाळी पडदे उतरले आणि मुलाची मिशी गेली. सून बाळाला गच्चीवर नेऊन झोपवू लागली. पुढचे दोन दिवस त्यांनी दम खात खात दाराच्या करकरीपासून लग्नातल्या बुटांपर्यंत सगळ्याला नावं ठेवली. सासूबाई जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. मध्येच कुणी आलं तर त्या हातानेच थांबवायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आणि ही उशी..."

सासूबाई वाट बघत राहिल्या.

"उशीचं काय?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, अगदी हळू, विचारलं. मग मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भेटायला माणसं आली. सासूबाईंची नणंद त्यांच्या गळ्यात पडून रडली. "माझा भाऊ म्हणजे देवमाणूस गं, वहिनी. जन्मात कशाला नाव ठेवलं नाही त्याने."

सासूबाईंनी तिला अलगद दूर केलं आणि ताठ बसल्या.

"तुम्हाला नसतील सांगत, वन्सं," त्या म्हणाल्या. "मला सांगायचे. त्यांना काहीसुद्धा आवडायचं नाही."