चंपतरावांचे वजन आणि दाब

आमच्या नागपूरच्या कचेरीत बढती देताना दोनच गोष्टी पाहत: माणसाचे वजन आणि त्याचा दाब. हेडक्लार्क चंपतराव दोन्हींत भारी. अधीक्षकाची खुर्ची रिकामी होती आणि मापाने तरी ती त्यांचीच होती.

अशात पाय सुजले म्हणून पत्नी भागीरथाबाईंनी त्यांना डॉक्टर इंदुताईंकडे नेले.

"मीठ सोडा, वजन कमी करा, दाब उतरवा," इंदुताई म्हणाल्या.

"बाई, वजन गेलं, दाब गेला, तं मले ऑफिसात कोन विचारीन?"

"मी रक्ताच्या दाबाचं बोलून राहिली! एवढ्या देहाचं काम दोन किडन्यांले उपसावं लागते. दाबानं त्यांच्या बारीक नळ्या खराब होतात, अन् खराब किडनी दाब आणखी वाढवते."

"म्हंजे आमच्या ऑफिससारखंच," चंपतराव समाधानाने म्हणाले.

वार्ता कचेरीत पोचली. चंपतरावांचा रक्तदाब खुद्द साहेबांपेक्षा जास्त भरल्याचे निष्पन्न झाले. सबब, वरिष्ठांहून अधिक दाब विनापरवानगी का बाळगला, याचा खुलासा मागवण्यात आला. चक्कर येणाऱ्या श्रावण शिपायाला कळवण्यात आले की चतुर्थ श्रेणीस रक्तदाब अनुज्ञेय नाही. त्याने थकव्यावर भागवावे. साहेबांनी शिस्तीखातर लोणचे वाढवले आणि महिनाभरात आघाडी परत मिळवली. खोटे वाटत असेल तर साहेबांचे लोणचे चाखून पाहा.

भागीरथाबाईंनी घरचे मीठ कुलपात घातले. चंपतराव कँटीनमध्ये तर्रीपोह्यांवर शेव मागवू लागले.

"काहून आपल्याच जीवावर उठले जी?" भागीरथाबाईंनी विचारले.

"बढती होऊ दे वं. खुर्चीत बसलो का दोन्ही उतरवतो."

किडन्यांना कोणी विचारले नाही. त्यांना ना युनियन, ना अर्ज करायची सवय. त्यांनी नोटीस न देता काम थांबवत आणले. पायांची सूज चेहऱ्यावर चढली. निवड समितीने ते भरलेले गाल पाहिले आणि एकमताने बढती दिली.

सत्काराला हार गळ्यात उतरेना. "काय तब्येत झाली, वा!" टाळ्या पडल्या. भागीरथाबाईंनी नवऱ्याच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला.

"हे तब्येत नोहे गा, पाणी हाय!" त्या ओरडल्या. टाळ्यांत कोणाला ऐकू आले नाही.

चंपतराव आता दवाखान्यात आहेत. खुर्ची रिकामी आहे. कचेरी वजनदार उमेदवाराच्या शोधात आहे.

हसता काय? परवा लग्नाच्या पंगतीत कुणाचे तरी सुजलेले गाल पाहून "तब्येत सुधारली बरं का!" म्हणत त्याच्या पानात आणखी एक पापड तुम्हीच वाढलात ना?