नोटीस बोर्ड मुतारीतून कँटीनात आणिला त्याची हकीकत

उभ्यास बळ आणि थकल्यास बैठक देणाऱ्या विश्वकर्म्यास नमन करून, आणि मोजपट्टीस स्मरून लिहितो ऐसी जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. ते समयी पितळी तोट्या करणाऱ्या एका कारखान्यात युनियनचे राज्य होते. राज्याची मोजदाद येणेप्रमाणे: सभासद तीनशे बारा, पैकी मराठी पुरुष दोनशे चौदा, परप्रांतीय पुरुष सत्तावन्न आणि पॅकिंग खात्यातील बायका एकेचाळीस. कार्यकारिणीचे सरदार अकरा, अकराही मराठी पुरुष. त्यांच्या खुर्च्या अकरा. नोटीस बोर्ड एक, लांबी चार फूट, उंची तीन. ठिकाण पुरुषांच्या मुतारीची भिंत, डावीकडून तिसऱ्या आणि चौथ्या भांड्याच्या मध्ये. पॅकिंग खात्याच्या दारापासून बोर्डापर्यंत एकशे शहाऐंशी पावले, त्यांतील शेवटली नऊ बायकांस चालण्याजोगी नव्हती.

बोर्ड तेथे लाविला तो अध्यक्ष धोंडीराम खराडे यांनी. यांस सारे अण्णा म्हणत. एकवीस वर्षांमागे यांनी मसलत केली की मनुष्य कँटीन चुकवील, कामही चुकवील, परंतु येथे दिवसातून दोनदा येईलच, आणि आला म्हणजे मिनिटभर समोर पाहण्यावाचून त्यास दुसरा उद्योग नाही. मसलत नामी होती, आणि तेव्हा कारखान्यात बाई एकही नव्हती. पुढे बायका आल्या, परप्रांतीय आले, बोर्ड जागचा हलला नाही, आणि चिटणीस गुलाब मुलाणी दरसाल अहवालात सुवाच्य अक्षरे लिहीत गेले, 'महिला सभासदांची हरकत: नाही.' मग ऐसे जाहले की वरिष्ठ महासंघाचे पत्र आले, की युनियनांत समता आणि विविधता वाढवावी, सर्व तऱ्हेच्या सभासदांस सभेस बोलवावे आणि किती आले ते कळवावे. अण्णांनी पत्र मोठ्या आदराने वाचिले आणि सर्वांच्या नजरेस यावे म्हणून बोर्डावर लाविले. तेथे ते चार महिने राहिले. मग उत्तर धाडावयाची वेळ आली, तेव्हा अण्णा मुलाणींस घेऊन, जेवणाची सुट्टी होताच, कँटीनात सुगंधाबाई लोंढे यांजपाशी आले. या बाई पॅकिंग खात्यात चौदा वर्षे होत्या, आणि तेथील काम आठ तास उभ्याने. यांचे पाय सुजत. खोकी मोजावयाची टेप यांच्या खिशात असे, तिने यांनी स्वतःचा घोटा मोजिला होता: सकाळी साडेनऊ इंच, सायंकाळी अकरा. यांस बसावयास स्टूल पाहिजे होते. परंतु कंपनीशी करार तीन वर्षांनी एकदाच होई, आणि त्यात लिहिले असेल तेच मिळे.

अण्णा बोलिले, "काय ताई, तुमच्या बायका सभेला का येत नाहीत? आम्ही काय खातो काय?" बाई बोलिल्या, "सभा असते कधी?" "बोर्डावर लावतो की!" "कुठल्या बोर्डावर?" तेव्हा अण्णांनी पंख्याकडे पाहिले, आणि मुलाणी खोकले, आणि मग हळूच बोलिले, "तिकडं... आपलं... आतल्या बाजूला." बाईंनी डबा बंद केला. "चौदा वर्षं मी समजत होते, आमची युनियन मुकी आहे. ती मुतारीत बोलते होय! आता काय लावलंय तिथं?" मुलाणी बोलिले, "कराराच्या मागण्या ठरवायची सभा. उद्या दुपारी." उद्या चुकली तर आणखी तीन वर्षे उभ्याने, हा हिशेब बाईंस तेथेच कळला. मग त्या सात बायकांसह चालून गेल्या, आणि दारापाशी उभ्या राहून ललकारी दिली, "आत असेल त्यानं आवरा! मी दहा मोजते!" सहा आकड्यांतच पाच वीर बाहेर पडले, त्यांत सरदार दोन, एकाचा पट्टा हातात. आत राहिला एकटा निरंजन बेहेरा, ओडिशाचा फिटर, हाती पाण्याचा मग घेऊन बोर्डासमोर शांत उभा. बाईंनी पुसले, "काय रे निरंजन, काय लिहिलंय यावर?" तो बोलिला, "मौसी, अपने को मराठी पढ़ना नहीं आता. तीन साल से देखता हूँ. पानी डालने का लिखा है ना? मैं तो रोज दो मग डालता हूँ." येथे चौकशी करिता निष्पन्न जाहले ते असे, की ज्या बायकांस वाचता येई त्यांस आत जाता येत नव्हते, आणि जे परप्रांतीय आत जात त्या सत्तावन्नांपैकी अठ्ठेचाळीसांस वाचता येत नव्हते. मग निरंजनाने चार स्क्रू काढिले आणि बायकांनी बोर्ड खांद्यावर घेतला. वाटेत अण्णा आडवे आले. "अहो ताई, हा बोर्ड युनियनचा आहे!" बाई बोलिल्या, "मग आम्ही कुणाच्या?" तेव्हा अण्णांनी बोर्डाचा एक कोपरा धरिला. बोर्ड कँटीनात पिण्याच्या पाण्याशेजारी लागला, आणि सभेच्या नोटिशीखाली तीच नोटीस मुलाणींनी हिंदीत आणि, अर्थ समजून घेऊन, निरंजनाने ओडियात लिहिली.

दुसरे दिवशी सभेस बायका एकोणचाळीस आल्या आणि परप्रांतीय त्रेपन्न, आणि कँटीनात उभे राहावयास जागा उरली नाही. सरदार अकरा खुर्च्यांवर विराजमान होते. सुगंधाबाईंनी स्टुलांची मागणी मांडिली, तेव्हा कालचा पट्टेवाला सरदार बोलिला, "बायकांना उभ्याची सवय असते. घरी ओट्यापाशी उभ्या राहत नाही का?" बाई बोलिल्या, "बरं. मग या मागणीपुरते तुम्ही अकराजण उभे राहा. आपण सवय होईपर्यंत बोलू." सभा हसली, आणि अण्णा इभ्रतीखातर उभे राहिले, आणि मग बाकीच्यांस बसता येईना. मग बायका एकेक करून बोलिल्या, कोणी घाई केली नाही. नवव्या मिनिटास पट्टेवाले भिंतीस टेकले. सोळाव्या मिनिटास निरंजन पुढे सरला आणि पाठिंब्याचे भाषण ओडियात करू लागला, आणि समता राहावी म्हणून प्रत्येक वाक्य पुन्हा हिंदीत सांगू लागला. एकोणतिसाव्या मिनिटास अण्णा बोलिले, "मंजूर हो बाई, मंजूर! आता बसू का?" बाई बोलिल्या, "लिहा आणि बसा, अण्णा." मुलाणींनी उभ्यानेच लिहिले.

करार आश्विनात जाहला. पुढील निवडणुकीत सुगंधाबाई आणि निरंजन कार्यकारिणीत आले, खुर्च्या तेरा जाहल्या. मुतारीच्या भिंतीवर बोर्डाच्या जागी पांढरा चौकोन राहिला, आणि अण्णा अद्याप त्यासमोर उभे राहून वाचितात.

येणेप्रमाणे हकीकत. बेरीज: पॅकिंग खात्याच्या दारापासून बोर्डापर्यंत अठ्ठावीस पावले, सर्व चालण्याजोगी. स्टुले एकेचाळीस, उंची बावीस इंच. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सुगंधाबाईंचा घोटा: सकाळी साडेनऊ इंच, सायंकाळी पावणेदहा.