लिंबाजीचा कान

दोन हजार तेवीस साल. मी पंच्याहत्तर वर्षांचा. त्या साली लिंबाजीनं आमच्या कंप्युटरला आधी कान लावला, मग तळहात लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "रंग्या, ह्याच्या आत कुणीतरी दार ठोकून राह्यलं. ह्याचे दिवस भरले."

माझी सून कांचन दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, हे मी आठ दिवसांपासून सांगून राह्यले. हार्ड डिस्क जायला लागली."

"तू सांगितलं," मी म्हणालो, "पण लिंबाजीनं कुठं सांगितलं होतं?"

आमच्या घराचा तसा कायदाच आहे. मी चौथीतून शाळा सोडली, पण कायदा मीच करतो. पिठाची गिरणी असो, पाण्याची मोटार असो, पोराची फटफटी असो, लिंबाजीनं कान लावून 'बराबर' म्हटल्याशिवाय कोणतंच यंत्र आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि आलेलं एकही यंत्र अजून तरी आम्हाला फसवून गेलेलं नाही. हसनाबादेत दुसऱ्या कुणाच्या घरी असं असेल तर त्यानं येऊन सांगावं.

लिंबाजी माझ्याच वयाचा. स्टँडच्या मागं त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटार आणली की जुनी तार काढून नवी भरून द्यायची, हा त्याचा धंदा. पण माणसं त्याला न्यायची ती कानासाठी. विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहायचा, एक हात वर करायचा आणि म्हणायचा, "दम धर. ते बोलून राह्यलं." मग माणसं गप्प, बैलं गप्प. थोड्या वेळानं हात खाली. "बेरिंग गेलं." किंवा, "हिला काही झालं न्हाई, पाणीच खाली गेलंय." संपला विषय.

हे 'दम धर' तो कुठं म्हणेल त्याचा नेम नव्हता. एकदा गावात लग्न होतं. नवरा-नवरी अंतरपाटाला उभे, मंगलाष्टकं शेवटाला आलेली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि लिंबाजीनं हात वर केला. "दम धरा!" भटजी गप्प. बँडवाला पिपाणी तोंडाला लावून तसाच थांबला. लिंबाजी मांडवाच्या मागं गेला, जनरेटरचा कुठलासा नट आवळला, हात पुसत परत आला आणि म्हणाला, "हां, आता टाका." त्या नवऱ्याची पोरं आता शाळेत जातात, तरी गाव म्हणतं की ह्याचं लग्न लिंबाजीनं रिपेर करून दिलं.

आठवडी बाजारात टरबूजवाले त्याला पाहून तोंड फिरवतात. सगळा ढीग वाजवून पाहणार, एक घेणार नाही, आणि जाताना मोठ्यानं सांगणार, "झोपेल हायेत सगळे."

कांचनला पाहायला गेल्तो तेव्हाही मी त्याला बरोबर नेला होता. आमच्या मंडळींनी विचारलं, मुलगी पाहायला मोटारवाला कशाला? मी ऐकलं नाही. लिंबाजीनं पोरीला एक शब्द विचारला नाही. ती चहा देऊन आत गेली तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कप ठेवला तर बशी वाजली न्हाई. पोरगी धीराची हाय. कर." केली. मला काही म्हणणं नाही.

माझ्याबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण पुढं लागतील. ह्या वयात मला चष्मा नाही, काठी नाही, आणि दवाखान्यात माझ्या नावाचा एक कागद नाही. रस्त्यावरून कोणती यस्टी गेली, मुक्कामाची की लांब पल्ल्याची, हे मी घोंगडीतून सांगतो. गावाला हे ठाऊक आहे. नसेल तर मी सांगतो.

पण माझा कान वेगळा आणि लिंबाजीचा वेगळा. मधल्या एक-दोन वर्षांत तर त्यानं कान लावणंच कमी केलं. नुसता तळहात ठेवायचा आणि सांगायचा. मी गावभर सांगत फिरलो, "कानानं कुणीबी ऐकतंय. हातानं ऐकणारा जिल्ह्यात हा एकच." गल्लीतून कुणी हाक मारली तर तो मान वर करत नसे. लोक कुरकुर करायचे. मी म्हणायचो, "एवढा मोठा कारागीर, तुमच्या हाकंला कामून उठंल?"

तर कंप्युटर. तो ओसरीत असतो आणि कांचनचा आहे. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, ती त्यांचे पीकविम्याचे, सातबाऱ्याचे, पोरांच्या कॉलेजचे अर्ज भरून देते. तो बंद पडला तर ओसरीतली रांग दुसऱ्याच्या ओसरीत जाईल, ही तिला काळजी.

तिनं मला चहा दिला आणि समजावून सांगितलं. "मामा, आता तसली फिरणारी डिस्क न्हाई टाकायची. एसएसडी बसवू. मशीन झटक्यात सुरू होतं. पण घेताना नीट पाहून घ्यावी लागती. ह्या डिस्क लिहून लिहून झिजतात, म्हून किती लिहिणं सोसंल ते खोक्यावर छापलेलं पाहिजे. पाच वर्षांची हमी पाहिजे, पक्कं बिल पाहिजे. नुसता वेगाचा मोठा आकडा पाहून घेतली की माणूस फसतो."

"हमी लिंबाजी देईल," मी म्हणालो.

"मामा, हिच्यात फिरणारं काहीच नसतं. हिला आवाजच न्हाई."

"तुला येत नसंल," मी म्हणालो. "त्याला येईल."

ती हसली नाही, हे तिचं चांगलं आहे. म्हणाली, "बरं, घ्या नानांना संगं."

लिंबाजीला ती नाना म्हणते. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झटकली, आणि आम्ही तिघं जालन्याला गेलो.

सलीमभाईचं दुकान अरुंद. कौंटरवर उघडे पडलेले कंप्युटर, तारा, आणि आमच्या आधीची चार गिऱ्हाइकं. मी आत शिरतानाच आवाज दिला, "सलीमभाई, हे लिंबाजी. हसनाबादचे. हे कान लावून सांगतील ते द्यायचं." गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. मला बरं वाटलं. आपला माणूस पाहावा असाच आहे.

सलीमभाईनं दोन डिस्का ठेवल्या. असल्या पातळ, खिशातल्या तंबाखूच्या डबीएवढ्या. एकीच्या खोक्यावर उडता घोडा आणि भला मोठा आकडा, हमीचं विचारलं तर सलीमभाई खरं बोलला, "इसकी गारंटी नको पुछो बाबा. सस्ती है, लोग ले जाते." दुसरीचं खोकं साधं, पण पाच वर्षांची हमी, आणि किती लिहिणं सोसेल तेही छापलेलं. कांचनचा डोळा त्या साध्या खोक्यावर होता. पण ती बोलली नाही. लिंबाजीची पाळी होती.

घोड्याची डिस्क तारेनं मशीनला जोडली. मशीन सुरू झालं. लिंबाजीनं हात वर केला, "दम धरा," आणि सगळं दुकान गप्प. त्यानं डिस्केला कान लावला. दुसरा कान लावला. मग तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला. त्यानं हात उचलला, धोतराला पुसला, परत ठेवला. "चालू हाय का?" त्यानं विचारलं. सलीमभाईनं मान हलवली. लिंबाजीच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. चाळीस वर्षांत कुठल्याच यंत्रानं त्याला असं बिनबोलता परत पाठवलं नव्हतं.

"दुसरं दावा," तो म्हणाला.

सलीमभाईनं मशीन बंद करून ती डिस्क काढली, साध्या खोक्यातली जोडली. लिंबाजीनं एकवार कांचनच्या तोंडाकडं पाहिलं. मग तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि त्याचं तोंड एकदम उजळलं.

"हां! हे बोलून राह्यलं. बारीक हाय, पण साफ हाय. विहिरीत दोर सोडल्यावानी."

मी गिऱ्हाइकांकडं वळून पाहिलं. बघा म्हटलं, जिल्ह्यात एक!

तेवढ्यात सलीमभाई हळूच म्हणाला, "बाबा, अजून चालू केलं न्हाई मी."

हातभर अंतरावर उभा राहून बोलला. सगळ्या दुकानानं ऐकलं. लिंबाजीनं नाही ऐकलं. तो डोळे मिटून तसाच मान डोलावत होता. "साफ," तो म्हणत होता. "बिलकुल साफ."

एक गिऱ्हाईक तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागलं. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हात काढला आणि हसूही काढलं. कांचननं पदर नीट केला आणि खाली पाहत उभी राहिली. मी सलीमभाईला म्हणालो, "बांधा हेच." सलीमभाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा लिंबाजीकडं. मग वाकून, लिंबाजीच्या तोंडासमोर येऊन, मोठ्यानं म्हणाला, "बराबर ओळखलं बाबा! येच अच्छी है!" आणि पक्कं बिल केलं. त्या माणसाचं भलं होवो.

परतीच्या यस्टीत लिंबाजी खिडकीला बसला, मी शेजारी, कांचन पुढं बायकांत. मी एकेक जोडत होतो. पखवाजाला शाई लावली की सूर पाहायला भजनीमंडळ त्याच्याकडं यायचं. वर्ष झालं, गुडघे दुखतात म्हणून तो देवळातच येत नाही. पुण्याहून पोराचा फोन येतो तेव्हा तो फोन कानाला लावत नाही. तळहातावर घेऊन बसतो आणि मधून मधून "हां, हां" म्हणतो. बायको गेल्यापासून घरात एकटा. बोलायला तेवढा तो फोन. आणि ते बोलणं तो हातानं ऐकत होता. मी ह्याची गावभर शेखी मिरवत होतो.

राजूरच्या पुढं त्यानं तोंड माझ्याकडं केलं. "रंग्या, खरं सांग. ते पहिलं, घोड्याचं. ते चालू होतं का?"

"होतं," मी मान हलवली.

"तुला आला आवाज?"

त्याची नजर माझ्या ओठांवर होती. आता काय सांगायचं? ह्या डिस्केला आवाजच नसतो, कुणालाच येत नाही, असं सांगितलं तर पहिलीची भीती गेली असती. पण मग दुसरी बोलली कशी, हे त्याला माझ्यासमोर गिळावं लागलं असतं. लिंबाजीनं कधी कुणासमोर काही गिळलेलं नाही, आणि माझ्यासमोर तर नाहीच. तेवढी आमची दोस्ती आहे.

मी त्याच्या तोंडाकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मला काय इचारतो? मला कुठं ऐकू येतंय? माहे कान गेलेत लिंब्या. दीड-दोन वर्षं झाली."

अख्खी यस्टी वळली. पुढून कांचननं मागं पाहिलं. कंडक्टरनं पाहिलं. गावातली चार माणसं होती, त्यांनी तर उठून पाहिलं.

लिंबाजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन मला सांगितलं न्हाई?"

"लाज वाटली."

"येड्या," तो ओरडला, कारण आता मी बहिरा होतो, "त्यात लाज कसली? वय झालं की व्हतंय!" एवढं बोलून त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. हात मात्र गुडघ्यावरच ठेवला, पार गाव येईस्तोवर.

फाट्यावर उतरलो तोवर मी अर्ध्या गावासाठी बहिरा झालो होतो. संध्याकाळपर्यंत राहिलेल्या अर्ध्यासाठी. गिरणीवाला मुद्दाम जवळ येऊन माझ्या कानात बोंबलला. ज्या माणसाला यस्टी घोंगडीतून कळते त्याच्या कानात! मी सोसलं. सोसायचं ठरवलं की मी सोसतो.

कांचननं त्याच संध्याकाळी डिस्क बसवली. मशीन असं सुरू झालं की मी चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत पडदा उजळलेला. आवाज बिलकुल नाही. ती जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर घेत होती. मान वर न करता म्हणाली, "नाना म्हणले तसंच आहे, मामा. साफ." मग तशीच बटणं दाबत, "जालन्याला कानाचा दवाखाना हाय. नंबर लवकर लावावा लागतो." पोरगी धीराची आहे, हे मी आधी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबाजीला गल्लीतून हाक मारली नाही. दार ढकलून आत गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चल. माहे कान तपासायचेत. एकट्याला जायची लाज वाटती."

तो लगेच उठला. टोपी घातली आणि माझा दंड धरूनच मला यस्टीत चढवलं. दवाखान्यात खिडकीवर मी माझं नाव सांगितलं, कागद काढला. पंच्याहत्तर वर्षांतला पहिला. त्याच्या मागं लिंबाजीचाही काढला. म्हटलं, आलोच हौत तर बघून घे. "घेतो," तो म्हणाला, "तेवढाच तुला धीर."

आत तपासणारी बाई होती. तिनं दोन्ही कागद पाहिले. "त्रास कुणाला आहे, बाबा?"

मी लिंबाजीला नीट दिसेल असं बोट माझ्याकडं केलं.

"ह्याला!" लिंबाजी मोठ्यानं म्हणाला. "काहीच ऐकू येत न्हाई बाई त्याला. मी धरून आणलंय. बराबर तपासा, माहा जुना दोस्त हाय."

बाई माझ्याकडं वळली. वरचा पंखा करकरत होता, बाहेर कुणीतरी चिल्लर मोजत होतं, स्टँडवरून एक गाडी निघाली होती, लांब पल्ल्याची. "कधीपासून होतंय, बाबा?" तिनं हळू आवाजात विचारलं.

लिंबाजी माझ्या तोंडाकडं पाहत होता.

"आँ?" मी म्हणालो.